सातबाऱ्यावर बोजा चढवण्याआधी

पत्र

ताई, सादर नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातला. वय २८. मेकॅनिकल केलं, पण नोकरी सॉफ्टवेअरमध्ये लागली, सध्या हिंजवडीला आहे. शिक्षणासाठी सहा लाखांचं कर्ज घेतलं होतं, ते मागच्या वर्षी फिटलं. गावी वडिलांची दोन एकर द्राक्षबाग आहे. धाकटी बहीण यंदा बारावी सायन्सला ८४ टक्क्यांनी पास झाली. ती म्हणते, इंजिनीअरिंग नको, इतिहास आणि राज्यशास्त्र शिकायचंय. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात लिबरल आर्ट्सच्या चार वर्षांच्या कोर्सला तिचा नंबर लागलाय. फीमध्ये २५ टक्के सवलत धरून, हॉस्टेल-मेससह वर्षाला आठ लाख. आठ दिवसांत एक लाख भरून सीट पक्की करा, असा मेल आलाय.

वडिलांची एक वही आहे, बागेचा औषध-मजुरीचा सगळा खर्च ते त्यात लिहितात. परवा त्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी ३२ लाख असा आकडा लिहिला आणि म्हणाले, एक एकर काढू, नाहीतर कर्ज काढू, पोरगी हुशार आहे. आई म्हणते, आर्ट्सच करायचं तर सांगलीला जा, एवढा पैसा कशाला. चुलते म्हणतात, सायन्सला एवढे मार्क पडून आर्ट्सला कोण जातं. मी पुढच्या वर्षी लग्नाचं आणि फ्लॅटचं बघतोय. मला एकच सांगा, आर्ट्सच्या डिग्रीला पैशात काही किंमत असते का?

— एक भाऊ

उत्तर

तुला ‘तू’च म्हणते. माझा मुलगा तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे.

किंमत असते. पण तुझ्या एका प्रश्नात दोन प्रश्न अडकलेत. इतिहास-राज्यशास्त्र शिकून पोट भरता येतं का, हा पहिला. त्यासाठी ३२ लाख मोजावेत का, हा दुसरा. चुलते पहिल्यावरून बोलतात, वडील दुसऱ्यात उतरलेत आणि तू मध्ये उभा राहून दोघांना एकच उत्तर शोधतोयस. पहिल्याचं उत्तर मी ‘हो’ देते, मनापासून. दुसऱ्याचं ‘नाही’, आणि तेही तितक्याच मनापासून. का, ते सांगते.

मी ३३ वर्षं बँकेत काढली, त्यातली ११ शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर. मी स्वतः बीए आहे, तालुक्याच्या कॉलेजातून, इतिहास घेऊन. १९८६ साली बँक भरतीची परीक्षा दिली आणि लागले. त्यामुळे आर्ट्सला जाणारी मुलं म्हणजे दुसरीकडे जागा न मिळालेली मुलं, हे कुणी म्हणालं की मला राग येतो. आलेला अर्ज वाचताना माणूस काय सांगतोय आणि काय सांगायचं टाळतोय, हे मला कळायचं ते बॅलन्स शीट शिकल्यामुळे नव्हे. कागद कुणी लिहिला, कधी लिहिला, कशासाठी लिहिला, हे विचारायची सवय मला इतिहासाने लावली होती.

पण त्याच टेबलावरून दुसरीही बाजू दिसली. एक वडील आले होते. खताच्या रिकाम्या पिशवीत सातबारा, आठ-अ, मुलीच्या मार्कलिस्टा. पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर तळहाताने सपाट करत होते. मुलगी शेजारी बसलेली, हुशार, नीट बोलणारी. खासगी संस्थेतला महागडा कोर्स होता. २२ लाखांचं कर्ज मंजूर झालं, मामाचं शहरातलं घर तारण ठेवून. काही वर्षांनी ती मुलगी एकटीच आली. नोकरी लागली होती, चांगल्या कंपनीत. तिने मोबाईलमधला पगार जमा झाल्याचा मेसेज माझ्यासमोर धरला. २८ हजार. हप्ता ३१ हजारांचा होता. ‘मॅडम, याचं काय करू?’ एवढंच म्हणाली. तिचं शिक्षण वाया गेलं नव्हतं, ती आळशी नव्हती, नोकरीही वाईट नव्हती. फक्त जी वस्तू घेतली ती त्या किमतीला घ्यायची नव्हती. आणि हे सांगायची वेळ मंजुरीच्या दिवशी होती, त्या दिवशी मी सही केली. म्हणून आज तुला एवढं सविस्तर लिहितेय.

आता तुझ्या घरचा हिशेब कर. वर्षाला आठ लाख. समजा दोन लाख तुम्ही घरातून घातले आणि सहा लाख दरवर्षी कर्जातून उचलले. चार वर्षांत २४ लाख. व्याज साडेदहा टक्के धर. कोर्स संपेपर्यंत आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो, हे सगळे सांगतात. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं, हे ऐकून घेणारे थोडे. पहिल्या वर्षी उचललेल्या सहा लाखांवर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. सरळव्याजानेसुद्धा हे पावणेनऊ लाखांच्या वर जातं. म्हणजे बहीण हप्ता सुरू करेल त्या दिवशी खात्यावर ३३ लाखांच्या जवळपास कर्ज असेल. दहा वर्षांत फेडायचं तर महिना ४४ हजार. पंधरा वर्षांत फेडायचं तर ३६ हजार, आणि तेव्हा एकूण भरणा ६५ लाखांवर गेलेला असेल.

आर्ट्सच्या नुसत्या पदवीवर पहिली नोकरी मी माझ्या ओळखीच्या मुलामुलींना १५ ते २५ हजारांची लागलेली पाहिली आहे. महागड्या संस्थेतून आलेल्यांना त्याहून बरी लागते, काहींना खूपच बरी. पण ४४ हजारांचा हप्ता भरून शहरात खोलीचं भाडं देऊन जगता येईल, एवढी सगळ्यांना लागत नाही.

आणि बागेचं म्हणशील, तर तुला मी काय सांगणार? बागेचा पैसा वर्षातून एकदा येतो, हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येतो. फुलोऱ्यात अवकाळी झाला, डाऊनी रोग आला, किंवा बेदाण्याचा दर पडला, की ते वर्ष गेलं. हप्ता मात्र जात नाही. वडील ‘कर्ज काढू’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात सोसायटीचं पीककर्ज असणार, हंगामाला घेतलं, माल गेला की भरलं. हे कर्ज तसं नसतं.

आणखी एक. शेतजमीन तारण ठेवून एवढं शैक्षणिक कर्ज मिळेल असं धरून चालू नका. थकीत कर्जाची वसुली बँका ज्या सरफेसी कायद्याने करतात, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. त्यामुळे या कर्जासाठी बऱ्याच बँका शेतजमीन तारण म्हणून घ्यायला तयार नसतात. घर, प्लॉट, मुदत ठेव मागतात. ते नसलं की लोक खासगी फायनान्स कंपनीकडे किंवा पतसंस्थेकडे वळतात, तिथे व्याज आणखी चढं. आणि मग शेवटी जमीन विकायचा विषय निघतो. पिकती बाग मोडून पहिल्या पदवीची फी भरू नका. मला याबद्दल जराही शंका नाही.

बँक मग तुझ्याकडे वळेल. पगाराची स्लिप तुझ्याकडे आहे, सहकर्जदार म्हणून तुझी सही मागतील. आनंदाने करशील, मला माहीत आहे. पण त्या सहीचा अर्थ समजून घे. ते कर्ज तुझ्या सिबिलवर, म्हणजे बँका बघतात त्या कर्जाच्या नोंदीवर, दिसेल. उद्या फ्लॅटसाठी गृहकर्ज मागायला गेलास की बँक हा हप्ता तुझ्या पगारातून आधी वजा करेल आणि उरलेल्यावर तुझी पात्रता काढेल. तुला वाटत असेल की व्याजावर आयकरात सूट तरी मिळेल. ती सूट स्वतःच्या, जोडीदाराच्या, मुलांच्या किंवा ज्याचे आपण कायदेशीर पालक आहोत त्याच्या शिक्षणासाठी असते. भावाने बहिणीसाठी घेतलेल्या कर्जाला ती लागू होत नाही. आणि नव्या कररचनेत गेला असशील तर विषयच संपला. लग्न ठरतंय, तर होणाऱ्या बायकोलाही हे सगळं आधी सांग.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते, कारण तुझे चुलते ज्या स्वरात बोलतात तो स्वर तुझ्या बहिणीच्या मनात घर करू नये.

तू इंजिनीअर झालास तेव्हा पहिला पगार किती होता? आयटीत नव्याने लागणाऱ्याचं पॅकेज कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच अडकलेलं आहे, म्हणजे हातात २५-२६ हजार. तुझा आजचा पगार पदवीने दिलेला नाही, नंतरच्या पाच-सहा वर्षांत तू जे शिकलास त्याने दिला. मेकॅनिकलचं तर तू काही वापरतही नाहीस. आर्ट्सचंही असंच आहे, फक्त सुरुवात आणखी खालून होते आणि चढ उशिरा लागतो. बीए ही अर्धी पदवी समजायची. पुढे एलएलबी, एमए, एमबीए, बीएड, पत्रकारिता, जे काही असेल, ते जोडलं की तिला पैशातली किंमत येते. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी करता येतं, कॅट देता येते, सीएलासुद्धा पदवीनंतर थेट प्रवेशाची वाट आहे.

म्हणजे आर्ट्सला जाणाऱ्या मुलीचा बेत पाच-सहा वर्षांचा आखायला हवा आणि पैसा दुसऱ्या टप्प्यासाठी राखायला हवा. तुम्ही नेमका उलटा बेत आखताय. सगळं पहिल्या पदवीत ओतून, २२ व्या वर्षी कर्ज डोक्यावर घेऊन ती बाहेर पडली, तर एमएला टाटा समाजविज्ञान संस्थेत (टीआयएसएस) जायचंय किंवा गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थशास्त्र करायचंय, असं म्हणायची तिला सोय राहणार नाही. मिळेल ती नोकरी धरावी लागेल. महाग पदवीने तिचे पर्याय वाढायचे, त्याऐवजी कर्जाने ते बंद होतील.

‘आर्ट्स म्हणजे स्पर्धा परीक्षा’ हे समीकरण कुणी मांडलं तर मात्र मान डोलवू नकोस. तू पुण्यात राहतोस, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका बाहेरून तरी पाहिल्या असशील. यूपीएससीच्या २०२३ च्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेला पाच लाख ९२ हजार मुलं बसली आणि शेवटी शिफारस झाली १,०१६ जणांची. परीक्षा जरूर द्यावी, दोन वर्षं झोकून द्यावी, पण त्या परीक्षेच्या भरवशावर कर्ज काढू नये. प्राध्यापकीचंही तसंच. सेट-नेट होऊन तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारी माणसं मला माहीत आहेत. कायम जागा कमी निघतात, आणि काही संस्थांत त्या कशा भरल्या जातात याबद्दल गावोगाव बोललं जातं. शिकवायची खरी ओढ असेल तरच त्या वाटेला जावं.

मग इतिहास शिकून होतं काय? एक उदाहरण देते, अगदी जवळचं. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. जुन्या नोंदी कुठे? कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जुन्या महसुली दप्तरांत, आणि त्यातल्या कितीतरी मोडीत. त्या महिन्यांत जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. माझ्या मैत्रिणीची सून इतिहासात एमए, मोडीची परीक्षा दिलेली. एरवी घरात तिच्या मोडीचं कुणाला कौतुक नव्हतं. ती तेव्हा तहसील कचेरीत रोज बसायची, भिंग घेऊन. एकदा मी तिच्याबरोबर गेले होते. पान इतकं जीर्ण की ती ते हाताने उलटायचीच नाही, खाली जाड कागद सरकवून उचलायची. मोडी ओळ शब्द न तोडता सलग धावत जाते, शाई फाकलेली, आणि ती एका अक्षरावर पाच-सहा मिनिटं थांबायची. एका कुटुंबाचं सगळं त्या अक्षरावर अवलंबून असू शकतं, म्हणून घाई नाही करत, म्हणाली. आता वाटपाच्या दाव्यांतले जुने कागद वाचून द्यायला वकील तिच्याकडे येतात. तिचं घर त्यावर चालत नाही, हेही सांगते. घर चालतं शाळेतल्या नोकरीवर, मोडीचं काम हे वरचं उत्पन्न. पण ते काम तिच्या तालुक्यात दुसरं कुणी करू शकत नाही, आणि दर ती सांगेल तो असतो.

तुझ्या बहिणीनेही असं काहीतरी हाताला लावून घ्यावं. मोडी असेल, नाहीतर उत्तम इंग्रजी-मराठी अनुवाद, नाहीतर आकडेवारी. तिच्याकडे बारावीचं गणित असेल तर ते सोडू देऊ नकोस. इतिहास-राज्यशास्त्र शिकलेली, चांगलं लिहिणारी आणि शिवाय एक्सेलमध्ये जनगणनेचे तक्ते न घाबरता उघडणारी मुलगी, हे कॉम्बिनेशन फार कमी सापडतं. संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, वृत्तपत्रं, सल्लागार कंपन्या अशाच माणसांच्या शोधात असतात.

आणि हे सगळं आठ लाखांच्या वर्षाशिवाय करता येतं. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आपल्या विद्यापीठांच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आली आहे. मेजर म्हणजे मुख्य विषय एक, मायनर म्हणजे दुय्यम दुसरा, वर खुले विषय. लिबरल आर्ट्सच्या माहितीपत्रकात जे ‘अनेक विषय एकत्र’ म्हणून लिहिलेलं असतं, त्यातलं पुष्कळसं कागदावर तरी आता साध्या बीएतही आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स आणि मग एमए एका वर्षाचं. तिने मेजर इतिहास किंवा राज्यशास्त्र घ्यावं आणि मायनरला अर्थशास्त्र मिळतं का पाहावं. मी असते तर अर्थशास्त्राचा हट्ट धरला असता.

तुझ्या आईचं सांगलीचं म्हणणं चुकीचं नाही, हे आवर्जून लिहिते, कारण पत्रात तू ते एका ओळीत उडवलंस. विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ साली फर्ग्युसन काढलं तिचंच. घरून एसटीच्या पासवर जाता येईल. पुण्यात शिकायची तिची ओढ असेल तर फर्ग्युसन आहे, एसपी कॉलेज आहे. खोली आणि मेस मिळून महिना १२ हजार धर, फी-पुस्तकं वेगळी, तरी वर्षाचे पावणेदोन लाखांच्या आत बसेल. तुम्ही घरातून दोन लाख घालणारच होतात. म्हणजे कर्ज शून्य. प्रवेश घेताना एकच गोष्ट नीट विचार: तुकडी अनुदानित आहे का विनाअनुदानित? एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत दोन्ही असतात. अनुदानित तुकडीची फी काही हजारांत असते, दुसरीची कित्येक पट.

एक गैरसमज आधीच काढून टाकते. मुलींना शंभर टक्के फी माफ झाली आहे ना, असं मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. जुलै २०२४ चा तो शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे तुमच्या ३२ लाखांतला एक रुपयाही त्याने कमी होणार नाही. पण बीएनंतर तिने सीईटी देऊन एलएलबी किंवा बीएड घेतलं, तर तेव्हा या सवलतीची चौकशी नक्की करा. बघ, दुसऱ्या टप्प्यावर पैसा राखायचा म्हणते तो असा.

खासगी विद्यापीठावर अन्याय नको. तिथे वर्गात मुलं कमी असतात, दर आठवड्याला लिहायला लावतात, लिहिलेलं परत तपासून मिळतं, बाहेरच्या संस्थांत इंटर्नशिप लावून देतात, वेगवेगळ्या राज्यांतली मुलं भेटतात. तासगावहून आलेल्या मुलीला याचा फार उपयोग होतो, इंग्रजीची भीती जाते, चारचौघांत बोलता येतं. साध्या कॉलेजात ८० जणांच्या वर्गात यातलं काहीच आपोआप मिळत नाही, स्वतः उठून मिळवावं लागतं. तुझी बहीण ग्रंथालयात जाऊन बसणारी, शिक्षकांना गाठून प्रश्न विचारणारी असेल तर निभावून नेईल. नसेल, तर तिला सुरुवातीचं एक वर्ष तुझी साथ लागेल. तू पुण्यातच आहेस. रविवारी तिला भेट, तिने लिहिलेलं वाच, तुझ्या ऑफिसातल्या चांगलं लिहिणाऱ्या कुणालातरी दाखव. या सवयीची किंमत बाजारात लाखांत लावतात, तुला ती दोन तासांत देता येते.

म्हणून खासगीचं दार एकदम बंदही करू नका. २५ टक्के ही गुणांवरची सवलत दिसते. उत्पन्नावरची मदत वेगळी असते. अझीम प्रेमजी विद्यापीठ, अशोका विद्यापीठ यांसारख्या ठिकाणी घरच्या परिस्थितीनुसार फी कमी करतात, काहींना पूर्ण माफही. तुमच्या विद्यापीठाला तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासह लिहून विचारा, लेखी. सवलत चारही वर्षं राहणार का, किती ग्रेड खाली आली तर जाणार, फी दरवर्षी किती वाढते, हेही त्याच पत्रात. प्लेसमेंटचं विचारताना सर्वांत मोठं पॅकेज विचारूच नका. मागच्या बॅचमध्ये इतिहास-राज्यशास्त्राची मुलं किती होती, त्यातल्या किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या मुलाला किती पगार मिळाला, एवढं विचारा. जी संस्था हे सरळ सांगते तिच्याशी पुढचं बोलावं. पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत विद्यापीठ आहे का तेही बघ. असेल तर जामीन-तारणाशिवाय कर्ज मिळतं, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात, व्याजात तीन टक्के सूट.

कर्ज किती चालेल, हे माझ्या टेबलावर मी असं धरायची: हप्ता पहिल्या पगाराच्या एक तृतीयांशावर जाता कामा नये. २५ हजार पगार धरला तर आठ हजारांचा हप्ता, म्हणजे दहा टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी, सहा लाखांचं कर्ज. तुझं होतं तेवढंच. ते फेडताना तुला काय वाटायचं, आठव. मदत मिळून चार वर्षांचं कर्ज सहा-सात लाखांत बसत असेल तर खुशाल जाऊ दे तिला, मीच पेढे मागेन. २४ लाखांवर नको.

आठ दिवसांच्या मेलने घाबरू नका. गेल्या काही वर्षांत यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत करायला सांगितलं आहे. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापून, असा नियम होता, आणि तो खासगी विद्यापीठांनाही लागू होता. यंदाचं पत्रक यूजीसीच्या साइटवर बघ, तारीख लिहून घे, मगच एक लाखाचा विचार कर. बीएची मेरिट लिस्ट लागेल तिथे मात्र फॉर्म आजच भरा. त्या तारखा चुकल्या की अनुदानित जागा गेली, आणि ती पैसे भरून परत मिळत नाही.

शेवटी, तुझ्या पत्रात वडील बोलले, आई बोलली, चुलते बोलले, तू बोललास. बहिणीचं मत एका ओळीत, तेही तुझ्या शब्दांत. तिला हे आकडे कुणी दाखवलेत का? १८ वर्षांची आहे, हप्ता तिच्याच पगारातून जाणार आहे. एका रात्री जेवणं झाली की वडिलांची ती वही तिच्या हातात दे. ३२ लाखांच्या पानावर खाली तिलाच लिहू दे: सहा लाख गुणिले चार, पाच वर्षांचं व्याज, हप्ता, आणि शेजारी दुसऱ्या रकान्यात सांगली, तिसऱ्यात फर्ग्युसन. व्याज तिला काढता येतं, सायन्सची आहे. तू मध्ये बोलू नकोस. वडिलांना ‘बाग विकू नका’ हे कुणी सांगायचं असेल तर ते तिने सांगावं, आणि मला वाटतं, वहीतलं पान भरून झाल्यावर तीच सांगेल.